पॅकिंगच्या खोलीतली हवा

गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

शीला मॅडमनी ही वही दिली ती रोजचं तापमान लिहायला. सकाळी पाच अंश, दुपारी सहा, संध्याकाळी पाच. झालं, लिहिलं. उरलेलं पान कोरं ठेवायचं जिवावर येतं, म्हणून मनातलं लिहिते. माझ्या नवऱ्याला, मेहबूबला, मराठी वाचता येतं, पण दोन ओळींपुढं त्याला जांभया येतात. तेव्हा भीती नाही.

तर आज फुलांची कोल्ड रूम सुरू झाली. आमच्या जुन्नरच्या फळांच्या गोदामामागं दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत फुलं बादल्यांत उभी करायची, निवडायची, बांधायची, आणि मग आतल्या गार खोलीत न्यायची. झरबेरा तीन-चार जणांकडून येणार. कार्नेशन मात्र एकट्या अश्विनीकडून, डिंभे धरणाच्या पलीकडं तिचं छोटं पॉलिहाउस आहे, पाच वाफ्यांचं. सोमवारी आणि गुरुवारी हौशीरामची पिकअप घोडेगाववरून माल घेऊन येईल.

आजची फुलं बघून तर बाई गं, माझा जीवच सुपाएवढा झाला. गुलाबी, पांढरी, कडा कातरल्यासारख्या. आणि लगेच भीती वाटायला लागली, की इतकं चांगलं चाललंय म्हणजे कुणाची तरी नजर लागणार. आज गुरुवार, म्हणजे आमची जुमेरात होतीच. सासूबाईंची, जोहराबींची, पितळी धूपदाणी काढली, निखारे घातले, लोबान टाकला आणि दोन्ही खोल्यांतून फिरवला. गारवा जाऊ नये म्हणून दारं लावून घेतली. सासूबाई पस्तीस वर्षं दुकानात असाच फिरवायच्या, एक जुमेरात चुकवली नाही. झोप लागेल असं वाटतंय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पाच, सहा, सहा.

पुण्याच्या डेकोरेटरचा फोन. "मॅडम, फुलं झोपली." मी म्हटलं, झोपली म्हणजे? म्हणाला, पाकळ्या आत वळल्यात, मुठी मिटल्यासारख्या, स्टेजवर लावायच्या आधीच. फोटो पाठवला. बघवेना.

पहिलीच गाडी! मी त्याला म्हटलं, प्रवासात ऊन लागलं असेल. तो म्हणाला, झरबेरा त्याच गाडीत होता, तो ठणठणीत आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

अश्विनीला फोन लावला. तिच्या घरात रेंज नीट नसते, बाहेर येऊन बोलते, त्यामुळं ती कायम ओरडतच बोलते.

"अश्विनी, गुरुवारची फुलं कधी कापली होतीस?"

"सकाळी सा वाजता, ताई. का? काय झालं?"

"मिटली गं सगळी."

"मिटली? आमच्या घरात बादलीत आठ दिस राहिल्यात तशीच. येऊन बघा."

मी म्हटलं, बरं बरं, होतं एखाद वेळी. आजची फुलं आली, छान आहेत. उद्या जातील.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सोमवारची फुलं पुण्यात नीट पोहोचली, डेकोरेटर खूश. मीही खूश. काल परत माल आला. सगळं हातानं निवडलं, खराब म्हणून एक दांडी नव्हती. जुमेरात होती, म्हणून लोबान जरा जास्तच घातला. मागच्या वेळी कमी पडला असेल, असं मनाला वाटत होतं.

आज सकाळी दार उघडलं. निम्मी कार्नेशन मिटलेली. शेजारच्या बादलीतला झरबेरा डोळे वटारून बघतोय माझ्याकडं. मी खालीच बसले. मेहबूब आला, म्हणाला, "अगं, रडतेस काय? फुलंच हायेत." फुलंच! त्याला काय ठाऊक, माझ्या माहेरी मी काय काय सांगून बसलेय.

शनिवार, १६ नोव्हेंबर

शीला मॅडमना फोन केला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात, आमच्या फूलगटाला फुकट सल्ला देतात. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जवळपास पिकलेली फळं आहेत का?"

मी म्हटलं, "मॅडम, नवऱ्याचं केळ्यांचं गोदामच आहे भिंतीपलीकडं."

मग त्यांनी समजावलं, आणि मी इथं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. इथिलीन नावाचा एक वायू आहे. दोन कार्बन, चार हायड्रोजन, एवढुसा. दिसत नाही, त्या खोलीत असला तरी वास कळत नाही. झाड स्वतःच तो तयार करतं. फळाला पिकायला, पानाला गळायला, फुलाला मिटायला तोच सांगतो. पिकणाऱ्या केळ्यातून निघतो, गाडीच्या धुरातून निघतो, काहीही जळलं की थोडाफार निघतो. मोकळ्या हवेत पांगून जातो, कुणाचं काही बिघडत नाही. बंद खोलीत साठला तर कार्नेशनसारखं फूल रात्रीत म्हातारं होतं. झरबेऱ्याला त्याचं फारसं काही नाही.

मी फोन ठेवला आणि थेट गोदामात गेले. मेहबूब घडांवर पाणी मारत होता.

"तुझ्या केळ्यांनी माझा धंदा बुडवला!"

"केळी काय बॉम्ब हायेत का गं?"

"त्यांच्यातनं वायू निघतो. तो भिंतीतनं येतो."

"तीस वर्सं मी या केळ्यांत बसतोय, मी नाय मिटलो ते?"

हसू आलं, पण मी हसले नाही. जोरात भांडण झालं. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली इतकं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

केळी हलवली. मेहबूबनं तोंडातून शब्द न काढता सगळे घड चौकातल्या भाड्याच्या गाळ्यात नेले. दोन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. चहा करून ठेवतो आणि निघून जातो.

मीही आता कशातच कसर ठेवणार नाही. हौशीरामला सांगितलं, पिकअप फाटकाबाहेरच बंद करायची, आत धूर नको. तो बिडी ओढत उतरला, तर बिडीही विझवायला लावली. "ताई, एका बिडीनं काय व्हतंय?" म्हणाला. मी म्हटलं, एका बिडीनंसुद्धा होतं, मॅडमनी सांगितलंय. बिचारा रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला. अगरबत्त्यांचा पुडाही उचलून घरी नेला, खोलीत नको.

अश्विनीची सोमवारची फुलं नेहमीसारखी चांगली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मॅडमनी एक साधी युक्ती सांगितली. बाहेरच्या खोलीत टोमॅटोची रोपं ठेवायची. टोमॅटोला हा वायू लगेच कळतो, पाणी असूनसुद्धा पानं खाली वाकतात. आपल्या भागात रोपांना काय तोटा? नारायणगावहून येणाऱ्या माणसाकडून चार रोपं घेतली आणि खिडकीपाशी ठेवली. दर तासाला जाऊन बघतेय. पानं ताठ आहेत.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पाच, पाच, सहा. रोपं तीन दिवस ताठ. सोमवारची फुलं खोलीत असतानाही ताठ होती. म्हणजे केळीच दोषी, झालं एकदाचं.

अश्विनीचा माल दुपारी आला. निवडताना एकेक दांडी दोनदा बघितली. उद्या लग्नाचं मोठं काम आहे, ही गाडी बिघडली तर डेकोरेटर मला परत उभं करणार नाही, तसं त्यानं स्पष्टच सांगितलंय. संध्याकाळी लोबान घातला, तीन वेळा, आतल्या खोलीत पण, कोपऱ्याकोपऱ्यात. रोपांभोवतीसुद्धा फिरवला, त्यांनाही नजर नको. सासूबाईंना मनातल्या मनात म्हटलं, आता तुम्हीच बघा.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

रोपं वाकली.

चारही. माती ओली आहे, तरी पानांचे देठ खाली वळलेत. आणि कार्नेशन सगळी, सगळी मिटली. डेकोरेटर फोनवर ओरडला नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी डोकं शांत ठेवून विचार केला. केळी नाहीत. गाडी बाहेर. बिडी बंद. मंगळवार ते गुरुवार दुपार रोपं ताठ होती. गुरुवारी खोलीत नवीन काय आलं? अश्विनीची फुलं. मॅडमनी सांगितलंय, म्हातारं होणारं फूल स्वतःच वायू सोडतं. म्हणजे सोमवारी ती ताजी पाठवते आणि गुरुवारी उरलीसुरली, शिळी, नाहीतर रोगट. आता तर रोपांनीच साक्ष दिली.

मला इतका राग आला, इतका! मी तिला बहिणीसारखं धरलं. फूलगटाच्या ग्रुपवर सव्वादोनशे माणसं आहेत, शेतकरी, व्यापारी, सगळे. तिथं लिहिलं: "अश्विनीच्या कार्नेशनमध्ये रोग आहे. तपासून सिद्ध झालंय. माल घेणाऱ्यांनी सावध राहावं." पाठवून टाकलं. मेहबूब म्हणाला, "तिला इचारायचं तरी." आठवड्यात त्याचं पहिलं वाक्य, आणि तेही तिच्या बाजूनं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

अश्विनी स्वतः आली. डिंभ्याहून एसटी वेळेवर मिळत नाही, पहाटे निघून दुपारी पोहोचली. हातात ओल्या कापडात गुंडाळलेली वीस-पंचवीस फुलं. गोदामासमोर, रस्त्यावर, माणसं जात-येत असताना उभी राहिली.

"ताई, ही गुरुवारी कापल्याली. आज सोमवार. बघा."

फुलं उघडी होती. मला एक क्षण काहीतरी वाटलं, पण मी ते दाबलं. म्हटलं, "चार चांगली निवडून आणणं काय अवघड आहे?"

तिचा चेहरा असा झाला... मला लिहिताना त्रास होतोय. ती म्हणाली, "म्या लबाड हाय म्हणा की सरळ."

"रोपांनी दाखवलंय, अश्विनी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मग माझी बी रोपं हायेत पाच वाफ्यात. त्यांनी मला कधीच दगा न्हाई दिला." फुलं माझ्या पायरीवर ठेवली आणि गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

ती फुलं मी उचलून बादलीत ठेवलीत, घरी, ओट्यावर. का ते माहीत नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

पाच, पाच, पाच. ओट्यावरची फुलं अजून उघडी आहेत. मी त्यांच्याकडं बघायचं टाळते.

खेडकडचा एक जण कार्नेशन द्यायला तयार आहे. मॅडम म्हणाल्या, नवा माल घ्यायच्या आधी रिकामी खोली एकदा तपासून घ्या. मंगळवारी चार नवीन रोपं ठेवली. खोलीत आठवडाभर एकही कार्नेशन आलेलं नाही, झरबेराही उद्याच येणार. नुसत्या बादल्या, तराजू, मेज आणि रोपं. पानं छान ताठ आहेत.

जुमेरात म्हणून लोबान घातला. नव्या माणसाशी सुरुवात चांगली व्हावी.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

रोपं वाकली. रिकाम्या खोलीत.

आधी वाटलं, माझे डोळेच फिरलेत. हात लावला, माती ओली. मग मी मेजावर बसले आणि विचारलं स्वतःला, गुरुवारी खोलीत नवीन काय आलं? काहीच आलं नाही. कुणीच आलं नाही. मी आले.

आणि मेजाखाली धूपदाणी. निखाऱ्यांची राख तिच्यात तशीच.

ही वही उघडली. सात तारीख, लोबान. चौदा, जास्त लोबान. एकवीस, तीन वेळा, कोपऱ्याकोपऱ्यात. अठ्ठावीस. माझ्याच अक्षरात. बिडी विझवायला लावली मी त्या माणसाला! अगरबत्त्या घरी नेल्या! आणि लोबान मला धूर वाटलाच नाही. तो सासूबाईंचा होता, बरकतीचा होता, धूर कसा असेल? मॅडम सांगत होत्या, काहीही जळलं की निघतो, ते मी याच हातानं लिहून ठेवलंय. या अल्ला.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुकानात दार उघडं असतं, रुबिना. तिथं काही होत नाही. तुमची खोली डब्यासारखी बंद आहे, त्यात निखारे. दोष लोबानाचा नाही." म्हणजे माझा. त्यांनी तसं म्हटलं नाही, मीच म्हटलं.

अश्विनीचा फोन लागत नाही. अकरा वेळा लावला. संध्याकाळी हौशीराम झरबेरा घेऊन आला, फाटकाबाहेर गाडी बंद करून. तो म्हणाला, "तिचा माल कोणीच घेईना झालाय. तिच्या नवऱ्यानं, गोरखभाऊंनी, उद्याला मजूर सांगितल्यात, वाफे उपटायचे आन् झेंडू लावायचा."

मेहबूबला सगळं सांगितलं. वाटलं होतं, केळ्यांवरून टोमणा मारेल. म्हणाला, "उजाडता निघू. गाडीत पेट्रोल टाकून येतो."

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. स्वतःला सोडणार नाही.

मोटरसायकलवरून आठच्या आत पोहोचलो. पॉलिहाउसच्या दारात उपटलेल्या झाडांचा ढीग, कळ्यांसकट. दोन वाफे संपलेले, तिसऱ्यात चार बाया आणि अश्विनीचा नवरा, गोरख. अश्विनी ढिगापाशी उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनं एक झाड उचललं, खोड मोडलं आणि माझ्यासमोर धरलं. आतून पांढरंशुभ्र.

"रोग असता तर तांबडं दिसलं असतं. सांगा, कुठं हाय रोग?"

"नाहीये," मी म्हटलं. "माझ्या खोलीत होतं. माझ्यामुळं झालं, अश्विनी. थांबव त्यांना."

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुमी एकट्यानं येऊन मला सांगून काय उपेग? सव्वादोनशे माणसांत म्हणालात. त्या माणसांत फिरवा. मग मी वाफा ठेवते. कोण घेणारच नसंल तर ठेवून काय करू? मजुरांचा रोज बी द्यायचाच हाय."

ग्रुपवर पाठवण्याइतकी रेंज धरणाच्या भिंतीकडं चढून गेल्यावरच येते. आम्ही दोघी निघालो. खाली बाया उपटत होत्या. गोरख आमच्याकडं बघत होता, पण थांबला नाही.

वर पोहोचल्यावर मी फोन काढला आणि ग्रुपसाठी बोलून रेकॉर्ड करायला सुरुवात केली. "नमस्कार, मी रुबिना. अश्विनीच्या फुलांत रोग नाही. आमच्या खोलीत तांत्रिक बिघाडामुळं वायू साठला होता..."

"कशाचा बिघाड?" अश्विनी म्हणाली.

मी फोन खाली केला. पुसलं. परत बोलले. "आमच्या खोलीत धूर झाला होता..."

"कसला धूर?"

परत पुसलं. ग्रुपवर कोण कोण आहे ते मला माहीत आहे. लोक हसतील. लोबानवाली म्हणतील, आणखी काय काय म्हणतील, माझ्यावरून सासूबाईंना म्हणतील, आमच्या लोकांना म्हणतील. मी अश्विनीला तसं सांगितलंसुद्धा. म्हटलं, नुसता धूर म्हटलं तर नाही का चालणार? फुलं तर चांगली ठरतायत ना?

ती धरणाच्या पाण्याकडं बघत म्हणाली, "माझं नाव घेतलं तवा तुमी असा इचार केला व्हता का, ताई?"

तरीसुद्धा दोन वेळा आणखी पुसलं. पाचव्या वेळी सगळं सांगितलं. लोबान म्हटलं, निखारे म्हटलं, बंद दार म्हटलं, चारी जुमेराती तारखांसकट म्हटल्या, आणि अश्विनीवर खोटा आळ घेतला तो मी, असं म्हटलं. पाठवलं.

पाच-सात मिनिटांत मंचरच्या एका व्यापाऱ्यानं लिहिलं, "सोमवारी माल असेल तर बघू." दुसऱ्या कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं, मग आणखी तिघांनी. अश्विनीनं व्यापाऱ्याचं वाचलं आणि पळतच उतरली, "अवो थांबा, थांबा" म्हणून ओरडत. मी मागून. माझी चप्पल तुटली, तशीच अनवाणी पळाले.

तिसरा वाफा संपला होता. चौथ्याची शेवटची तीन झाडं एका बाईच्या हातात होती. तिनं ती तशीच धरून आमच्याकडं बघितलं.

आम्ही वर गेलो तेव्हा चौथा वाफा उभा होता. मी बिघाड की धूर, धूर की लोबान करत बसले, तेवढ्यात तो गेला. हे मला कुणी ऐकवलं नाही. गोरखनं विळा खांबाला टेकवला आणि पाणी प्यायला गेला. अश्विनी पाचव्या वाफ्याच्या कडेनं चालत गेली, एकेका झाडाला हात लावत, पार टोकापर्यंत, आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली. मी तिला ताई म्हणून हाक मारली. आजवर तीच मला ताई म्हणत आली. ती वळली नाही.

निघताना एवढंच म्हणाली, "सोमवारी एक बादली भरंल. मंचरच्याला देणार हाय. तुमाला पुढचं पुढं बघू."

मी हो म्हटलं. मेहबूबनं गाडी सुरू केली.